एक कुस्ती, तीन निकाल

थेरगावच्या डांगे चौकात सकाळी पहिल्या पाळीच्या बसची वाट बघत माणसं उभी असतात. कुणी चाकणला निघालेला, कुणी भोसरीला, कुणी तळवड्याला. आदल्या रात्री महाराष्ट्र केसरीची एखादी वादाची कुस्ती झालेली असली, की त्या सकाळी वर्तमानपत्राची गरज उरत नाही. सगळ्यांच्या मोबाइलवर तीच दहा-पंधरा सेकंदांची चित्रफीत फिरत असते.

"खांदा टेकलाच नाही. बघ ना, उजवा वर आहे."

"वर आहे म्हणे! चितपट झालाय सरळ. पाहुणं, चष्मा लावा."

"तुमच्या तालमीचा पोरगा असला की तुम्हाला दिसतंच सगळं."

चित्रफीत एक, पडदा तेवढाच, बघणारे धडधाकट डोळ्यांचे. यातले बरेच जण दिवसभर कंपनीत मिलीमीटरच्या शंभराव्या भागावरून नग 'ओके' की 'रिजेक्ट' ठरवतात. तरीही दोन खांदे जमिनीला टेकले की नाही यावर त्यांचं एकमत होत नाही. कुणी मुद्दाम खोटं बोलत असतं तर प्रश्न सोपा होता. प्रत्येक जण मनापासून सांगतो, "मी डोळ्यांनी बघितलं," आणि ते खरंही असतं.

कोण कुणाचा

अलीकडची दोन प्रकरणं घेऊ. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या कोथरूडला स्पर्धा भरली होती. महाराष्ट्र केसरीत मातीवरचा एक विजेता निघतो, गादीवरचा एक, आणि गदेसाठी या दोघांची गाठ पडते. मातीच्या अंतिम लढतीत मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड समोरासमोर होते. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, सिकंदर हरला. चार गुण योग्य होते की दोनच द्यायला हवे होते, यावर महाराष्ट्रभर रणकंदन झालं. पंचांना धमकीचा फोन गेला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत पोचलं. गदा शेवटी शिवराज राक्षेनं महेंद्रला चितपट करून नेली, पण चर्चा तिची फारशी झालीच नाही.

दुसरं प्रकरण 2 फेब्रुवारी 2025 चं, अहिल्यानगरच्या वाडिया पार्कातलं. गादीच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ बघा, असं शिवराजचं म्हणणं होतं. वादावादीत त्यानं पंचांना लाथ मारली. त्याच रात्री किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड निर्णयावर चिडून शेवटच्या क्षणांत गादी सोडून गेला. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला, शिवराज आणि महेंद्रवर कुस्तीगीर संघानं तीन वर्षांची बंदी जाहीर केली, पुढे चौकशीही झाली. निर्णय चूक असो वा बरोबर, पंचावर पाय उचलण्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण आपला विषय पैलवानांच्या वागण्याचा नाही, बघणाऱ्यांच्या डोळ्यांचा आहे.

त्यासाठी थेरगावइतकी सोयीची जागा सापडणार नाही. पृथ्वीराज मोहोळ मुळशीचा, आणि इथल्या मूळ घरांच्या सोयरिकी मुळशी-मावळात पसरलेल्या. राक्षे राजगुरुनगरजवळचा, म्हणजे ज्या खेड तालुक्यात चाकणचे कारखाने आहेत तिथलाच. सिकंदर आणि महेंद्र दोघे सोलापूर जिल्ह्यातले, आणि सोलापूर-लातूरकडून पोटापाण्यासाठी आलेली माणसं इथल्या गल्लीगल्लीत. त्यावर तालमींची जुनी ईर्षा. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला; शिवराज आणि महेंद्र पुण्यात वस्ताद काका पवारांच्या कुस्ती संकुलातले. कोल्हापूरकराला वाटतं, कुस्ती म्हणजे आपलं खासबाग मैदान, बाकी सगळं नंतर. पुणेकर म्हणतो, किताब कुठे येतायत ते मोजा. 2023 च्या वादात सिकंदर आणि महेंद्र एकाच जिल्ह्याचे असूनही गावकरी दुभंगले ते तालमीवरून. माणूस एका वेळी गावाचा, तालुक्याचा, तालमीचा आणि वस्तादाचा असतो. यातलं कुठलं नातं त्या क्षणी जागं होतं, त्यावर त्याची बाजू ठरते.

बाजू धरायला फार मोठं कारण लागतही नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे अगदी फुटकळ कारणावरून दोन गट पाडले, कुणाला कुठल्या चित्रकाराची चित्रं आवडली एवढ्यावरून. आपल्या गटात कोण कोण आहे हे मुलांना माहीतही नव्हतं. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. मग ज्या तालमीच्या लाल मातीत आजोबा लोळले, तिची काय कथा!

खांदे टेकले म्हणजे नेमकं काय

वाद मुळात शक्य का होतो, हे नियमांत दडलं आहे. चितपट म्हणजे खांदे नुसते जमिनीला लागणं नव्हे. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले पाहिजेत, आणि वरच्या पैलवानाचा पूर्ण ताबा आहे हे पंचाला दिसावं इतका वेळ ते तिथे दाबलेले राहिले पाहिजेत. घरंगळताना पाठ क्षणभर लागून सुटली तर ती चितपट नव्हे. म्हणजे तपासायच्या गोष्टी तीन झाल्या: दोन्ही खांदे, एकाच वेळी, आणि ताबा. पहिली डोळ्यांना दिसते, दुसरीसाठी दोन ठिकाणी एकदम बघावं लागतं, आणि तिसरी हा अंदाज आहे.

टांगेच्या गुणांचंही तसंच. प्रतिस्पर्ध्याला उभ्यावरून खाली आणून मागून ताबा घेतला तर दोन गुण. तोच डाव त्याला थेट पाठीवर नेऊन गेला तर चार. 'पाठीवर' याची व्याख्या अशी की पाठ आणि गादी यांच्यातला कोन 90 अंशांपेक्षा कमी हवा. शंभरेक किलोचे दोन पैलवान हवेत वळत असताना एकाची पाठ 85 अंशांत होती की 95, आणि तिथे थेट पोचली की आधी कूस टेकली, हे पंचाला पापणी लवायच्या आत ठरवायचं असतं. सिकंदरच्या कुस्तीत सगळा महाराष्ट्र भांडला तो या एका रेषेवरून.

┌─────────────────
चौकट : वादाच्या जागा
खाली आणून ताबा: 2 गुण
उभ्यावरून थेट धोक्याच्या स्थितीत: 4 गुण
उंच उचलून मोठी फेक: 5 गुण
चितपट: गुणफलक काहीही असो, कुस्ती तिथेच संपली
निर्णय तिघांचा: गादीवरचा पंच, बाजूचा निर्णायक आणि मॅट चेअरमन
आव्हान: प्रशिक्षक व्हिडिओ तपासणी मागू शकतो, ते फेटाळलं गेलं तर समोरच्याला 1 गुण
└─────────────────

जत्रेच्या फडात ही कटकट कमी असते. तिथली कुस्ती निकाली; गुण नाहीत, चितपट झाली तर झाली, नाहीतर बरोबरीत सोडवली. भांडायला एकच रेषा. गुणांची पद्धत आली आणि प्रत्येक डावाला एक रेषा मिळाली.

न्यूजर्सीतली धुळवड

हा प्रश्न प्रयोगात पकडला गेला तो अमेरिकेत, एका कॉलेज फुटबॉलच्या सामन्यामुळे. त्यांचं फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन अंगावर धावून जाण्याचा खेळ. नोव्हेंबर 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन नामांकित विद्यापीठांचे संघ प्रिन्स्टनच्या मैदानात भिडले. सामना सभ्यपणाला सोडून होता. प्रिन्स्टनचा लाडका खेळाडू डिक काझमायर दुसऱ्या सत्रात नाक फुटून बाहेर गेला, तिसऱ्या सत्रात डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. प्रिन्स्टन जिंकलं. नंतर कित्येक दिवस दोन्ही विद्यापीठांच्या वर्तमानपत्रांतून धुळवड चालली होती: सुरुवात तुम्ही केलीत.

डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कँट्रिल हे दोन मानसशास्त्रज्ञ. आपापल्या पोरांची वकिली करण्याऐवजी त्यांनी एकत्र येऊन दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच चित्रफीत दाखवली आणि सांगितलं, नियमभंग दिसेल तिथे खूण करा. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचे सरासरी 9.8 नियमभंग दिसले आणि आपल्या संघाचे 4.2. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे 4.3 दिसले, प्रिन्स्टनचे 4.4. तीच फीत, आणि एकाच संघाचे गुन्हे एका डोळ्याला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त!

या शोधनिबंधातला मला सर्वांत आवडणारा भाग आकड्यांचा नाही. डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्यानं आपल्या संघाच्या दांडगाईच्या तक्रारी ऐकल्या होत्या. फीत त्याच्याकडे पोचली, त्यानं ती लावून बघितली, आणि त्यात त्याला ती दांडगाई कुठे दिसेचना. तेव्हा त्यानं तार केली: फितीतला महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तेवढा हवाई टपालानं पाठवून द्या. आपल्याकडे प्रत्येक वादानंतर "क्लिप अर्धवट आहे, पुढचं कापलंय" म्हणणारा एक जण असतोच, त्याचे हे पूर्वज.

हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांनी 1954 मध्ये काढलेला निष्कर्ष धाडसी होता. लोकांनी सामना एकच बघितला आणि मतं वेगवेगळी बनवली, असं ते म्हणत नाहीत. त्यांच्या मते दोन्हीकडच्यांनी मुळात बघितलेले सामनेच वेगळे होते.

चाकणच्या कारखान्यात क्वालिटीत काम करणाऱ्याला हे एका वाक्यात समजेल, कारण तो 'गेज आर अँड आर' करतो. दहा नग घ्यायचे, तीन माणसांना द्यायचे, प्रत्येकानं प्रत्येक नग दोन-तीनदा मोजायचा, आणि कुठला नग हातात आहे हे त्याला कळू द्यायचं नाही. आकड्यांत फरक पडतोच. बघायचं इतकंच, की फरक नगांमधला किती आणि मोजणाऱ्यांमधला किती. एकूण फरकात मोजमापाचा वाटा 30 टक्क्यांच्या वर गेला, तर ती मोजायची पद्धतच बाद धरतात. नग स्पष्ट चांगला किंवा स्पष्ट खराब असेल तर तिघांचं जमतं. भांडण लागतं ते टॉलरन्सच्या अगदी कडेवरच्या नगावरून. महेंद्रची टांग किंवा राक्षेचा खांदा हा कडेवरचा नग आहे. वर मोजणाऱ्याला नग कुणाचा ते पक्कं ठाऊक आहे, आणि तो 'ओके' निघावा अशी त्याची इच्छाही आहे. कुठल्याही ऑडिटरनं ही मोजणी दारातूनच परत पाठवली असती.

डोळा जातो कुठे

आता इच्छेनं दिसणं कसं बदलतं, ते बघू. आपल्याला वाटतं, समोरचं सगळं दृश्य आपल्याला सारखंच स्पष्ट दिसतं. ते तसं नसतं. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. साधारण तेवढ्याच भागात आपली नजर खरी तीक्ष्ण असते. बाकीचं धूसर. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत हा छोटा तीक्ष्ण भाग इकडून तिकडे नेतो, आणि उडीच्या दरम्यान मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. मधली भोकं तो अंदाजानं भरतो, आणि भरल्याचा पत्ता आपल्याला लागू देत नाही.

चितपटीचा क्षण अर्ध्या-पाऊण सेकंदाचा. तेवढ्यात डोळ्याला फार तर दोन-तीन जागा बघता येतात. राक्षेचा चाहता पैलवान सुटावा म्हणून धडपडत असतो, त्यामुळे त्याची नजर सुटकेच्या जागी जाते: वर उचललेला खांदा, पुलासारखी ताणलेली मान. मोहोळच्या चाहत्याची नजर पकडीवर, दाबणाऱ्या छातीवर. दोघांनी जे बघितलं ते खरोखर तिथे होतं. जे बघितलं नाही ते मेंदूनं भरलं, आणि ते भरताना माल आपल्याच गोदामातला वापरला.

तालमीत वाढलेल्या माणसाचं तरी बरोबर असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. जाणकाराला डाव आधी ओळखू येतो, पुढे काय होणार याचा त्याचा अंदाज पक्का असतो, आणि एरवी याच बळावर तो नवख्यापेक्षा खूप बरोबर असतो. कडेच्या नगापाशी मात्र हाच पक्का अंदाज त्याला दगा देऊ शकतो. टांग पूर्ण लागली की पुढची पाठ त्याला दिसतेच, ती पडली असो वा नसो.

पंचाचे कान आणि रंग

पंच मोहोळचाही नसतो आणि राक्षेचाही, पण बहिरा नक्की नसतो. इंग्लंडमध्ये नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: 40 पात्र पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातले प्रसंग दाखवले, निम्म्यांना प्रेक्षकांच्या आवाजासह, निम्म्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. कडेचा प्रसंग आला की पंचाचा मेंदू हाती लागेल तो पुरावा घेतो, आणि हजारो माणसांची एकदम उठलेली आरोळी हा त्याला पुरावाच वाटतो. आता वाडिया पार्क डोळ्यांपुढे आणा: गादीभोवती कोंडाळं, हलगी कडाडतेय, ध्वनिक्षेपकावरून निवेदक पल्लेदार आवाजात पैलवानाचं घराणं सांगतोय.

त्यात पोशाखाचे रंग. कुस्तीत एक लाल, एक निळा, आणि रंग सोडतीच्या क्रमानं मिळतो. हिल आणि बार्टन यांनी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या मुष्टियुद्ध, तायक्वांदो आणि कुस्तीच्या लढती तपासल्या, तर लाल पोशाखवाले 55 टक्के लढती जिंकलेले. 2008 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तायक्वांदोच्या 42 पंचांना चित्रफिती दाखवल्या आणि संगणकावर खेळाडूंचे रंग अदलाबदल केले. तोच खेळाडू लाल झाला की त्याला सुमारे 13 टक्के जास्त गुण. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक आढळला नाही, तेव्हा यावरून पैलवानानं लाल लंगोटासाठी हट्ट धरायचं कारण नाही.

"परत लावून बघा ना!"

मग व्हिडिओ आहे की, त्यावर सोडवा, असं कुणीही म्हणेल. व्हिडिओ हवाच, राक्षेनं तो मागितला यात गैर काही नव्हतं. पण व्हिडिओतून काय मिळतं आणि काय नाही, हे समजून घ्यायला हवं.

एक कॅमेरा म्हणजे एक कोन. पैलवानाच्या डोक्याच्या बाजूनं बघितलं तर दोन्ही खांदे दिसतात, कुशीच्या बाजूनं बघितलं तर जवळचा खांदा लांबच्याला झाकतो. म्हणून पंच चितपटीच्या वेळी पोटावर आडवा होऊन डोकं गादीला लावतो. प्रेक्षकातल्या मोबाइलला ती सोय नाही. तो वरून, तिरका, आणि पुढच्याच्या फेट्याआडून बघतो. मग ती फीत दहा ग्रुपांतून फिरता फिरता पुसट होते आणि त्यातली एक चौकट थांबवून, लाल गोल काढून, पुरावा म्हणून समोर येते. थांबवलेल्या चित्रात स्पर्श दिसतो, दाब आणि कालावधी दिसत नाही. आणि नियम तर दाबावर आणि कालावधीवरच उभा आहे.

मंदगतीचा घोळ आणखी वेगळा. अर्धा सेकंद आठपट मंद केला की चार सेकंदांचा होतो. चार सेकंद दबलेला माणूस बघितल्यावर "केवढा वेळ दाबलाय!" असंच कुणीही म्हणणार. 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एखादी हिंसक कृती मंदगतीत दाखवली तर बघणाऱ्यांना ती जास्त जाणूनबुजून केलेली वाटते, कारण करणाऱ्याला विचार करायला वेळ होता असा भास होतो. म्हणून फीत मंदगतीत एकदा आणि खऱ्या वेगात एकदा, आवाज बंद ठेवून, दोन्ही बाजूंच्या कॅमेऱ्यांतून, आणि मूळ निर्णय ज्याला माहीत नाही अशा माणसानं बघणं, ही त्यातल्या त्यात बरी पद्धत. कारखान्यातला नियम इथेही लागू: नग कुणाचा ते सांगायचं नाही. पैलवानांचे चेहरे घराघरांत पोचलेले असताना हे अवघड आहे, पण आवाज बंद करायला तर काही खर्च येत नाही.

जुन्या कुस्त्या आठवताना

वाद ताजा असतो तेव्हा निदान फीत समोर असते. वर्षं उलटली की फीत मागे पडते आणि गोष्ट उरते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये लोकांना मोटारींच्या टकरीची फीत दाखवली. एका गटाला विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. दुसऱ्याला विचारलं, गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा किती होता. दुसऱ्या गटानं वेग जास्त सांगितला. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फुटलेलीच नव्हती. तरी दुसऱ्या गटातल्या 32 टक्क्यांना ती आठवत होती, पहिल्यातल्या 14 टक्क्यांना. आठवण कपाटातून काढून बघितली जात नाही, ती दर वेळी नव्यानं रचली जाते. दर सकाळी आपल्याच माणसांत "ढापली कुस्ती" म्हणून सांगितलेली लढत दोन वर्षांनी किती ढापलेली आठवेल, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. नोव्हेंबर 2023 मध्ये तर महाराष्ट्र केसरी दोन ठिकाणी झाली. फुलगावला सिकंदरनं शिवराजला हरवलं आणि धाराशिवला शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला. खरी कुठली, याचं उत्तर आजही सांगणाऱ्याच्या गावावर अवलंबून असतं.

वादाच्या निकालाची अशीच एक जुनी गोष्ट खाशाबा जाधवांची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकआधीच्या निवड चाचणीत कलकत्त्याच्या निरंजन दासविरुद्ध त्यांना पक्षपातानं एका गुणानं हरवलं गेलं, त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरकुस्ती झाली आणि खाशाबांनी दासला काही सेकंदांत लोळवलं, असं सांगतात. कडेचा नग पुन्हा मोजायचा यापेक्षा चांगला मार्ग नाही, आणि भरगच्च स्पर्धेत तोच सहसा परवडत नाही. खाशाबा हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले, त्यामुळे पहिला निकाल चूक होता याबद्दल मराठी माणसाला शंका उरलेली नाही. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो ती खाशाबांच्या गावाच्या, गोळेश्वरच्या बाजूनं. त्या पहिल्या कुस्तीत पंचांना काय दिसलं, आणि निरंजन दासच्या तालमीत ती कशी सांगितली जात होती, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलेलं नाही.